चिंता चिंतामणीवर, काळजी आपल्यावर



शिरूरहून गंभीर रुग्णाला पुण्याकडे नेणारी गाडी निघाली की थोड्याच वेळात रस्त्यालगत रांजणगावच्या महागणपतीचे देऊळ येते. दौंडहून निघालेली गाडी सोलापूर रस्त्याला लागली, की यवत आणि उरुळी कांचन मागे टाकून थेऊर फाट्यावरून पुढे जाते. शिरूरचा माझा दवाखाना आणि आठवड्यातून एक दिवस दौंडची तपासणी असा क्रम सांभाळत असताना अशा गाड्यांत मी अनेकदा बसलो आहे. दोन्ही रस्त्यांवर एकच दृश्य दिसते. रुग्णाच्या तोंडावरचा प्राणवायूचा मास्क धरून बसलेल्या मुलाचा एक हात क्षणभर सुटतो आणि कपाळाकडे जातो. चालकाची मानही किंचित लवते. पण एक गोष्ट माझ्या पाहण्यात कधीच आली नाही. आता देवाच्या दारी आलो, गाडी येथेच थांबवा, असे कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. हात जोडले जातात आणि गाडी पुढे धावत राहते.

गंभीर आजारात देवावर भरवसा कसा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीतच असते. मला मात्र ते फार उशिरा उमगले, आणि तेही माझ्याच एका चुकीमुळे.

एक सहज बोललेले वाक्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. घोडनदीच्या काठच्या एका गावातील निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे येत असत. वय सत्तरीच्या आसपास, वीस वर्षांचा मधुमेह, गळ्यात तुळशीची माळ. त्या खेपेच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन बरेच वाढलेले होते. मूत्रपिंडे थकत चालली होती. पुण्यातील तज्ज्ञांच्या नावे मी चिठ्ठी लिहून दिली आणि डायलिसिस लागण्याची शक्यताही सांगितली. गुरुजींनी चिठ्ठीची घडी घातली आणि विचारले, “डॉक्टर, माझं पुढं कसं व्हायचं?”

बाजाराचा दिवस होता. बाहेर बाकांवर माणसे दाटीने बसली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “गुरुजी, तुम्ही माळकरी माणूस. पांडुरंगावर भरवसा ठेवा, तो बघून घेईल.”

साधारण महिन्याभरानंतर मध्यरात्री त्यांना जीपमधून आणले. त्यांना आडवे पडता येत नव्हते, पाय सुजले होते, फुप्फुसांत पाणी साठून श्वास लागला होता. प्राणवायू लावून, इंजेक्शन देऊन तातडीने पुण्यास पाठविले. तेथे डायलिसिस झाले आणि गुरुजी वाचले. परत आल्यावर मी काहीशा रागानेच विचारले, “गुरुजी, चिठ्ठी दिली होती ना? गेला का नाहीत?”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ते म्हणाले, “चिठ्ठीही तुमचीच आणि शब्दही तुमचाच. मला शब्द जास्त खरा वाटला.”

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. त्यांच्या प्रश्नाला दहा मिनिटे द्यावयास हवी होती. मी दहा सेकंदांत तो मिटविला, आणि मिटविण्यासाठी पांडुरंगाचे नाव वापरले. दिलासा म्हणून जे बोललो ते त्यांनी वैद्यकीय सल्ला म्हणून स्वीकारले होते.

गुरुजी वजनकाट्याकडे गेले तेव्हा त्यांच्या पत्नी मागे थांबल्या. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, “साहेब, मी रोज हरिपाठ म्हणते. भार देवावर टाकला असं तोंडानं म्हणते, पण रात्रभर यांचा श्वास मोजत बसते. काळीज ऐकत नाही. माझी भक्तीच खोटी का हो?”

एकाच घरात ही दोन माणसे होती. एकाने भरवसा ठेवणे म्हणजे उपचार सोडून देणे असा अर्थ घेतला होता. दुसरीला मनातली धास्ती म्हणजे श्रद्धेचा अभाव वाटत होता. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत या दोन गैरसमजांपैकी एक तरी असतोच. म्हणून आजचा हा लेख.

‘काळजी’ची दोन क्रियापदे

आपल्या मराठीत ‘काळजी’ हा शब्द एकच आहे, परंतु त्याला जोडून येणारी क्रियापदे दोन आहेत. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. काळजी करणारा माणूस उद्याकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याचे हात रिकामे असतात. काळजी घेणाऱ्याचे हात आजच्या कामात गुंतलेले असतात. देवावर सोपवावयाची ती पहिली. दुसरी सोपविता येत नाही, कारण ती आपल्याच वाट्याला दिलेली आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोणाला चिडविण्यासाठी वापरली, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता काकूंचा प्रश्न. त्यांना मी जे सांगितले तेच येथे सांगतो. संकटाची चाहूल लागताच मेंदू मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. त्यांतून ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते, झोप उडते. वाघ समोर आला असता पळण्यासाठी शरीराने केलेली ही तजवीज आहे. पण महिनोन्महिने चालणाऱ्या आजारात पळून जावे असे ठिकाण नसते, आणि इशारा मात्र वाजतच राहतो. तेव्हा छातीत धडधडणे हे शरीराचे काम आहे, त्यावरून भक्तीची परीक्षा करू नये. राखणीचे कुत्रे रात्रभर भुंकले म्हणून घरात देव्हाराच नाही असे कोणी म्हणत नाही.

या कुत्र्याला शांत करण्याचा एक उपाय काकूंच्या हातीच होता. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणावयास लावले. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली आणि रक्तदाबाचे नियमन करणारी हृदयाची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारलेली आढळली. नाम कोणते घ्यावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. कोणी हरिपाठ म्हणेल, कोणी तसबीह ओढेल, कोणी चर्चमध्ये बसून प्रार्थना करील. ज्यांना यांपैकी काहीच नको, त्यांनी नुसता श्वास संथ करावा. संथ लयीत, ओळीच्या शेवटी पुरता श्वास सोडत म्हटलेले नाम मनाबरोबर शरीरालाही निववते. काकू हरिपाठ म्हणत, पण घाईने, एक कान गुरुजींच्या श्वासाकडे लावून. मी त्यांना एवढेच सुचविले की तो सावकाश म्हणा, आणि तेवढा वेळ गुरुजींजवळ सून बसू दे.

प्रार्थना आणि औषध

मग प्रार्थनेने आजार बरा होतो का? हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दूरच्या अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होणारच आहे असे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के होते. ज्यांना प्रार्थना होईलच असे खात्रीने सांगितले नव्हते, पण प्रत्यक्षात ती केली गेली, त्यांच्यात ते ५२ टक्के होते. असे का व्हावे? एक शक्यता अशी मांडली गेली की, ‘माझी अवस्था इतकी बिकट आहे की माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते?’ या धास्तीने ते रुग्ण घाबरले असावेत.

या अभ्यासामुळे मी देवपूजा सोडली नाही. देवाला औषधाच्या बाटलीसारखे मापाने तपासता येत नाही, एवढे मात्र कळले. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी यातला धडा अगदी व्यावहारिक आहे. रुग्णाच्या खाटेभोवती गोळा होऊन रडत नवस बोलू नये. त्याला त्यातून आधार मिळण्याऐवजी निरोपच ऐकू येण्याचा संभव असतो. त्याच्या उशाशी रोजच्यासारखा दिवा लागावा, रोजचीच आरती व्हावी. त्या रोजच्यापणात मोठा धीर असतो.

आणखी एक गोष्ट. केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. ‘देवाने मला टाकले’ अशा भावनेशी झगडणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका अधिक दिसला. आपल्याकडे आजारी माणसाला भेटावयास येणारे अगदी सहज म्हणतात, “मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगलेच पाहिजेत.” किंवा, “कुलदैवताचे काही राहिले असेल.” वाचकहो, हे बोल जखमेवर मीठ चोळणारे आहेत. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात यांना शिक्षा ठरवू नका. असे बोलणाऱ्या पाहुण्यास चहा देऊन सौजन्याने दुसऱ्या खोलीत बसवावे.

थेऊरला काय घडले

गंभीर आजारात देवाच्या दारी जाऊन राहिलेल्या माणसाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. थोरले माधवराव पेशवे पानिपतानंतर १७६१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पेशवेपदावर आले. पुढे त्यांना राजयक्ष्मा, म्हणजे क्षय जडला. अखेरच्या दिवसांत ते थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीमुळे हा प्रसंग घरोघरी पोहोचला आहे.

पण चिंतामणीपाशी जाऊन ते हात जोडून स्वस्थ बसले नव्हते. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी नऊ कलमांची याद तयार करविली. राज्यावरचे कर्ज फेडण्याची चिंता तीत प्रामुख्याने होती. धाकटे बंधू नारायणराव यांना चुलते रघुनाथराव यांच्या हाती सोपवून घरातला कलह मिटविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. हाती जेवढे होते तेवढे त्यांनी केले. पुढे वर्षही पुरते उलटले नाही तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. ते मात्र माधवरावांच्या हाती नव्हते. उत्तम व्यवस्था करूनही फळ आपल्या मनासारखे येईलच असे नाही. देवावर सोडावयाचे असते ते हेच.

डॉक्टर म्हणून मला तेथे दुसरेही काही जाणवते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगासमोर आणला आणि त्यावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. माधवरावांपाशी देव होता, वैद्य होते, पण गुण देईल असे औषध नव्हते. आज नेहमीच्या क्षयाला साधारण सहा महिन्यांची औषधे पुरतात आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ज्याला औषध नव्हते त्याने देवाच्या दारी धीर शोधला, हे समजण्यासारखे आहे. औषध हाताशी असताना ते नाकारणे म्हणजे आलेला प्रसाद परत लोटणे होय.

थेऊरच्या नावामागची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कपिल मुनींचा चिंतामणी नावाचा रत्नमणी गणासुराने हिरावून नेला. गणेशाने तो परत मिळवून दिला, तेव्हा मुनींनी तो स्वतःकडे न ठेवता गणेशाच्याच गळ्यात घातला. ज्याच्यासाठी इतका जीव जळला, ती वस्तूच त्यांनी देवाच्या हवाली केली.

गुरुजींची वही

गुरुजींच्या डायलिसिसला नियमाने सुरुवात झाली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास. या वेळी मी त्यांना पुरता वेळ दिला. ‘माझं पुढं कसं व्हायचं’ या प्रश्नाचे उत्तर बैठक मारून, कागदावर लिहीत दिले. पुढच्या भेटीत ते शाळेची शंभर पानी वही घेऊन आले. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढलेली होती. डाव्या बाजूस मथळा ‘आपले’, उजव्या बाजूस ‘त्याचे’.

डावीकडे लिहिले होते: मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, गाडी कोणाची, दिवसभराचे पाणी मोजून, शिधापत्रिकेची प्रत, गोळ्या संपण्यापूर्वी आणणे. उजवीकडे: किती दिवस, नातवाचे लग्न दिसेल का, माझ्यामागे हिचे कसे होईल.

शेवटच्या ओळीवर आम्ही दोघेही थांबलो. मी विचारले, “गुरुजी, हे सगळे त्याचेच आहे का?” त्यांनी जरा विचार केला, खिशातून पेन काढले, ती ओळ खोडली आणि डावीकडे लिहिली. पुढच्या महिन्यात त्यांनी बँकेतील खात्यावर काकूंचे नाव लावले, कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तपासून घेतली आणि आपल्या शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे मुलांना समोर बसवून सांगितले.

त्यानंतर ते जवळजवळ तीन वर्षे जगले. त्यांच्या जाण्यानंतर काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “ती वही झाल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली, साहेब.”

आपल्या घरी काय करता येईल

अशी वही आपणही करावी. रुग्णाला बोलता येत असेल तर त्याच्या सोबत बसूनच करावी. आणखी काही सूचना:

१. देवाच्या नावाने कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. एकादशी किंवा अन्य उपवास करावयाचा असल्यास इन्सुलिन व साखरेच्या गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. पोट रिकामे आणि गोळी नेहमीची, अशाने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

२. मूत्रपिंडाच्या रुग्णास प्रसादाचे केळे, शहाळ्याचे पाणी भक्तिभावाने पाजू नये. त्यांतील पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. सैंधव हेही मीठच आहे. तीर्थ पळीभर घ्यावे, तेही दिवसाच्या पाण्यात मोजावे. अंगारा कपाळाला लावावा, पोटात घेऊ नये.

३. संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी असते तेव्हा पायांना जखमा झालेले मधुमेही वारकरी हमखास भेटतात. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली असते, फोड फुटला तरी कळत नाही. अनवाणी चालू नये. रोज मुक्कामी तळवे पाहावेत, जमत नसेल तर सोबत्याला दाखवावेत.

४. खर्चाची धास्ती ही मोठी चिंता असते. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असल्यास त्यांच्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. डायलिसिसचा त्या योजनेत समावेश आहे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

५. शुश्रूषा करणाऱ्याने रोज निदान सलग सहा तास झोप मिळेल अशी पाळी घरात लावून घ्यावी. थकलेल्या हातून गोळ्यांची चूक होते.

आणि एक इशारा. चिंता कधी कधी स्वतःच आजार बनते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच रस नाही, पहाटे लवकर जाग, अन्नावरची वासना गेलेली, ‘आपण नसतो तर बरे’ असे बोलणे, यांपैकी काही रुग्णात किंवा आपल्यात दिसले तर ‘देवाचे नाव घे’ एवढ्यावर थांबू नये, डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलिमानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. मनाच्या आजारावर औषध घेणे हा श्रद्धेचा पराभव नव्हे.

मीही तेव्हापासून एक नियम पाळतो. ‘देवावर भरवसा ठेवा’ हे वाक्य आजही म्हणतो, पण उपचारांविषयी सारे बोलून झाल्यावर, आणि ‘मंगळवारी तपासणीला या’ हे त्याच दमात जोडून. गेल्याच आठवड्यात दौंडहून एका आजोबांना घेऊन पुण्याला जाताना थेऊरचा फाटा आला. त्यांच्या लेकीने डोळे मिटून हात जोडले, डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “डॉक्टर, सलाईन नीट चाललंय ना?” मी बाटलीकडे पाहिले आणि मान हलविली. गाडी पुढे चालली होती.

आपला स्नेहांकित डॉक्टर